मागच्या बाकावरचं अक्षर

३ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं बदललं ते आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतच होतो, म्हणून नक्की माहीत आहे. सरांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले आणि इस्त्रीला दिले. इस्त्री म्हणजे आमचा वर्गप्रमुख. त्याच्या शर्टाला सुरकुती पडलेली कुणी पाहिलेली नाही, आणि मेंदूलाही नाही.

रुसलेल्या योद्ध्याचा भाग माझा होता. दीड महिना माझा होता! सर दरवर्षी ग्रीकांच्या त्या जुन्या युद्धकाव्याचं जाहीर वाचन बसवतात. मुख्य भाग कुणाला मिळणार यावर जूनपासून कुजबुज सुरू असते. मी तर पाठ करून बसलो होतो. वाचायचंच असतं, पाठ करायची गरज नसते — तरी.

"तिसऱ्यांदा उशीर," सर म्हणाले. "चौघं तुझ्यासाठी पंचवीस मिनिटं ताटकळलेत." आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

उशीर का झाला ते सांगण्यासारखं नव्हतं. मी फाटकाशी टिपकागदाची, आमच्या वर्गातल्या त्या मुलीची, वाट बघत उभा होतो, दोघांनी बरोबर आत जावं म्हणून. ती केव्हाच आत जाऊन बसली होती.

मी काय म्हणालो तेही लिहून ठेवतो. म्हणालो, तुम्हाला शिष्य नकोत, होयबा हवेत. मग दप्तर उचललं. दाराशी वळून म्हणालो, आता सरांनी स्वतः येऊन बोलावलं तरच या वर्गात पाय ठेवीन.

जिना उतरताना वाटलं, झकास झालं. फाटकाशी आल्यावर आठवलं, डबा बाकाखालीच राहिला.

४ नोव्हेंबर, बुधवार

डबा मागच्या बाकावरच्या पेंग्याने आणून दिला. घासून.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलेज सोडलं असं मामाला सांगितलं. मला वाटलं होतं भडकेल. त्याने हातातली, कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मग उद्यापासून खाली येणार का?" खाली म्हणजे तळमजल्यावर, त्याच्या बाइंडिंगच्या कारखान्यात. मी वरच्या खोलीत राहतो, त्याच्याच घरी जेवतो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं.

मामाचं म्हणणं, रुसवा हातांना काम असलं की लवकर पिकतो. मला पिकवायचा नाहीये. मला तो कच्चाच हवा आहे.

७ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर फर्मे जुळवले. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. एकावर एक रचायच्या, सुईने शिवायच्या, मग पाठीला खळ लावून शिकंज्यात दाबून ठेवायचं. कंटाळवाणं काम. बोटांच्या पेरांना कागद कापतो तो आधी कळतच नाही, खळ लागली की कळतो.

मामाला विचारलं, इतकी वर्षं पुस्तकं बांधतोस, तुझं नाव कुठे असतं? तो म्हणाला, कुठेच नसतं. पुस्तक उसवलं तरच लोक बाइंडरची आठवण काढतात, आणि तेव्हा काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नसतं. आणि हसला. मला नाही हसू आलं.

९ नोव्हेंबर, सोमवार

शिपाई येऊन गेला. सरांची चिठ्ठी. एकच ओळ — तालमीला यावे, सेनापतीचा भाग रिकामा आहे.

सेनापती! म्हणजे तोच, जो त्या योद्ध्याचा मान हिरावून घेतो. सरांना विनोद करायचा होता की काय कोण जाणे. चिठ्ठी परत पाठवली. शिपाई म्हणाला, अहो, मला कॉलेजचे चार जिने पुन्हा पुन्हा चढायला लावू नका, काहीतरी लिहून द्या. मी काही लिहिलं नाही.

काव्यातही असंच होतं. योद्धा तंबूत जाऊन बसतो, लढणार नाही म्हणतो. मग एकेक जण समजूत घालायला येतो. तो कुणाचंच ऐकत नाही. हे मी निबंधात लिहिलंच आहे. ऑगस्टमध्ये सगळ्या कॉलेजात पहिला आलेला माझा निबंध! 'ग्रीक महाकाव्यातील गर्व आणि नम्रता'. बक्षिसाचं शाईपेन समोर फळीवर डबीत आहे. एकदाही वापरलेलं नाही. माझं अक्षर म्हणजे शाईतून चाललेली कोंबडी — चांगल्या पेनाने कोंबडीचा मोर होत नाही.

मी लिहिलं होतं की योद्ध्याचं काहीच चुकलं नाही. अपमान झाला, तो उठून गेला. यात गर्व कुठे आला?

१० नोव्हेंबर, मंगळवार

पेंग्या आला. पेंग्या वाणिज्य शाखेचा. सरांच्या वर्गाच्या हजेरीत त्याचं नावच नाही, तरी दोन वर्षं येऊन मागच्या बाकावर बसतो आणि अर्धा तास झाला की मान टाकतो. सर त्याला उठवत नाहीत. जागा असतो तेव्हा ऐकतो कसा, ते मी एकदाच नीट पाहिलंय. तहानलेला माणूस पाणी पितो तसा.

आज त्याने शिलाईला हात लावला. वडील शिंपी, त्यामुळे सुईला बोटं सरावलेली. शिवता शिवता म्हणाला, "तू चूक म्हणू नकोस. फक्त तीनदा उशीर झाला एवढं म्हण. ते तर खरंच आहे ना."

मी म्हणालो, तू तुझे हिशेबाचे विषय बघ.

तो हसला. तासभर शिवत बसला. जाताना नुसतंच विचारलं, टिपकागद तुझी चौकशी करत होती, सांगू का काही? मी म्हणालो, सांग, मजेत आहे. मग दिवसभर तेच डोक्यात. तिने नक्की काय विचारलं? कुठल्या शब्दांत? गाढवाने तेवढं सोडून सगळं सांगितलं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

खळ उतू गेली. मामाने भांडं घासून पुन्हा चढवलं. ओरडायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

ती आली! इथे, कारखान्यात, फर्म्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत.

टिपकागद हे नाव वर्गाने ठेवलेलं. सर बोलले, कुणी शिंकलं, खिडकीवर कबुतर बसलं — सगळं हिच्या वहीत उतरतं. वाचनात ती योद्ध्याच्या आईचा भाग वाचणार आहे. समुद्रातून वर येऊन मुलाची समजूत घालणारी आई. आई म्हणून का होईना, समोर बसली असती.

मी खळीचे हात पुसायला फडकं शोधत होतो. ती म्हणाली, तुझं पत्र सरांनी वर्गात वाचून दाखवलं. वाचताना त्यांना मध्ये थांबावं लागलं. तुझ्याकडून असं काही येईल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगायला आले.

कसलं पत्र?

विचारलं नाही. ती ज्या नजरेने बघत होती, तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. दोन मिनिटं मी तो माणूस होऊन उभा राहिलो, ज्याने ते पत्र लिहिलं होतं. मग ती म्हणाली, "माफी मागायला किती जोर लागतो ते आज कळलं."

माफी! माझ्या नावाने, भर वर्गात, इस्त्रीच्या समोर!

तिला काय म्हणालो आठवत नाही. ती गेली. मी हातसुद्धा न धुता कॉलेजकडे सुटलो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

काल काय झालं ते आज लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

आजही नाही. पाठ दुखते. कारखाना बंद, तरी खाली जाऊन बसलो. मामा जुनी पुस्तकं सोडवत होता. म्हणाला, नवं शिवणं सोपं, आधीचा दोरा पान न फाडता काढणं कठीण.

१६ नोव्हेंबर, सोमवार

लिहून टाकतो.

शुक्रवारी शिक्षकांच्या खोलीत शिरलो. सर, आणखी दोघे प्राध्यापक आणि प्राचार्य चहा घेत होते. मी ओरडलो की ते पत्र माझं नाही, मी कुणाची माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. सर उठले, कपाटातून दोन कागद काढले. एक ते पत्र, दुसरा माझा बक्षिसाचा निबंध. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"अक्षर तर तुझंच आहे," ते म्हणाले.

दोन्हीकडे तेच अक्षर. गोल, सरळ, शिलाईच्या टाक्यांसारखं सारखं. दोन्ही पेंग्याच्या हातचे.

हे इथे तरी लिहायला हवं. गेली दोन वर्षं माझा प्रत्येक निबंध पेंग्याने उतरवून काढलेला आहे. सरांचा नियम, निबंध हातानेच लिहायचा — हाताने लिहिताना विचार सावकाश होतो म्हणे — आणि शेवटी लिहायचं की 'हे लेखन मी स्वहस्ते केले आहे', खाली सही. पहिल्या निबंधाला सरांनी शेरा दिला होता, अक्षर लागत नाही, पुन्हा लिहून आणा. पेंग्या म्हणाला, दे इकडे, मी काढतो. तेव्हापासून मी फक्त सही करतो. त्याला त्यात काही वाटलं नाही. मलाही नाही.

तेव्हाच सांगता आलं असतं. सर, हे अक्षर माझं नाही, कधीच नव्हतं. एवढंच. पण मग निबंध जातो. बक्षीस जातं. सूचनाफलकावर महिनाभर लागलेलं नाव जातं. चौघे बघत होते.

मी म्हणालो, "कुणीतरी माझं अक्षर गिरवलं असेल."

पत्र आणून कोणी दिलं ते सगळ्यांना माहीत होतं. शिपायाने पेंग्याला बोलावून आणलं. प्राचार्यांनी विचारलं, याच्या अक्षराची नक्कल तू केलीस का? पेंग्याने टेबलावरचे दोन्ही कागद बघितले. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. शिंपी मापं घेताना बघतो तसं — किती लागेल.

"हो," तो म्हणाला.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

काव्यातला मित्र आठवतोय. योद्धा हटून बसलेला, बाहेर त्याची माणसं मरतायत. तेव्हा त्याचा मित्र म्हणतो, तू येत नाहीस तर निदान तुझं चिलखत मला दे. ते घालून तो बाहेर पडतो. लोकांना वाटतं योद्धाच आला. आणि तो मारला जातो.

पण त्याला शत्रूंनी मारलं. इथे मीच.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

पेंग्याच्या घरी गेलो. गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथून शिलाई मशीनचा आवाज येत होता. परत आलो.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

शिपाई भेटला कोपऱ्यावर. म्हणाला, पुढच्या गुरुवारी साडेअकराला चौकशी समिती बसणार. लबाडीने दुसऱ्याचं अक्षर काढून त्याच्या नावाने पत्र दिलं, हा आरोप. दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही, दाखल्यावरही शेरा पडणार. मी विचारलं, तो काय म्हणतो? शिपाई म्हणाला, काही नाही. मान खाली घालून उभा असतो. आणि मला सांगू लागला की तुमच्यावर फारच वाईट प्रसंग आला हो.

२१ नोव्हेंबर, शनिवार

निबंधाचा माझा कच्चा मसुदा सापडला. कोंबडीच्या अक्षरातला. तो संपतो तिथे मी लिहिलंय, 'म्हणून योद्ध्याला दोष देता येत नाही.' खाली जाडजूड रेघ. संपला.

पण छापलेल्या निबंधात त्यानंतर एक परिच्छेद आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकातून काढून पाहिला. 'योद्ध्याचा राग खरा होता. पण रागावून बसणं त्यालाच परवडणारं होतं, कारण बाहेर मरणारे दुसरे होते. गर्व म्हणजे स्वतःला मोठं समजणं नव्हे. आपण बसून राहिल्याने कोण पडलं, ते वळून न पाहणं म्हणजे गर्व.'

हे माझं नाही. मी लिहिलेलंच नाही. सही करताना वाचलंसुद्धा नव्हतं! बक्षीस देताना सर जे मोठ्याने वाचत होते, ज्यावर टाळ्या पडल्या, ते हेच. मी तेव्हा टिपकागद टाळ्या वाजवते का ते बघत होतो.

मागच्या बाकावर पेंग्या झोपलेला होता. की नव्हता?

२३ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं त्यानंतर काही खरं नाही.

दुपारी पेंग्याचे वडील आले. शिंपीकाका. गळ्यात टेप तसाच, बाहीला दोरे चिकटलेले. मामा बाहेर गेला होता. मी रजिस्टर शिवत होतो. ते स्टुलावर बसले. मग माझ्या हातातली शिलाई बघून म्हणाले, ढिली आहे, दे, आणि सुई घेतली. चार टाके घातले. बोलायला सुरुवात केली ती शिवता शिवताच.

पोरगं जेवत नाही म्हणाले. पहाटे चारला उठून काज-बटणाचं काम मात्र करतं, शाळेत होता तेव्हापासून करतो, एक दिवस चुकलेला नाही. (म्हणून वर्गात मान टाकायचा. दोन वर्षांत मी विचारलं नाही. नाव ठेवलं, पेंग्या.) कॉलेजचं पत्र आलंय. अक्षर चोरलं असं लिहिलंय. त्याला विचारलं तर म्हणतो, बाबा, मी केलं, तुम्ही यात पडू नका.

मग त्यांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली, उठले, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"बाळा, माझ्या पोराने तुझं नाव खराब केलं," ते म्हणाले. "त्याच्यातर्फे मी माफी मागतो. तू समितीला सांग, एवढ्या वेळी जाऊ द्या म्हणून. तू सांगितलंस तर ऐकतील. त्रास तुला झालाय ना."

माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा माणूस. मान खाली घालून.

मी काय केलं? काही नाही. हात सोडवून घेता येईना. खळीचे होते हात, धरल्या धरल्या चिकटले. शेवटी त्यांनीच सोडला, तेव्हा कागदाचा एक कपटा त्यांच्या अंगठ्याला लागून गेला.

पाणी विचारायचं राहिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ते काव्याचं शेवटचं प्रकरण. सर दरवर्षी ते स्वतः वाचतात, कुणाला देत नाहीत. मित्राचा सूड म्हणून योद्धा शत्रूच्या राजपुत्राला मारतो आणि प्रेतही परत देत नाही. मग त्या मुलाचा म्हातारा बाप, राजा असून, एकटा शत्रूच्या तंबूत येतो. गुडघे टेकतो. ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्या हातांचं चुंबन घेतो, आणि प्रेत मागतो. सर म्हणाले होते, या सबंध काव्यात उंच माणूस एकच आहे, आणि तो या क्षणी गुडघ्यांवर आहे. मी ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावून उतरवून घेतलं होतं. परीक्षेला येईल म्हणून.

पण त्या राजाला निदान माहीत होतं, हे हात कुणाचे. शिंपीकाकांना तेही माहीत नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

टिपकागद आली. मी उठून उभा राहिलो नाही. तीही बसली नाही. वहीतून फाडलेलं एक पान थप्पीवर ठेवलं. म्हणाली, सरांनी पत्र वाचलं तेव्हा मी उतरवून घेतलं होतं. तू ते वाचलेलंच नसशील, म्हणून आणलं.

मी म्हणालो, त्याने माझं अक्षर —

"पुरे," ती म्हणाली. "मला ऑगस्टपासून माहीत आहे. मी आजारी होते तेव्हा त्याने माझ्या वहीत दोन पानं लिहून दिली होती. तुझा निबंध फलकावर लागला त्या दिवशी ओळखलं. तू स्वतः सांगशील म्हणून थांबले."

समितीला का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती म्हणाली, पेंग्याकडे गेले होते. त्याने हात जोडले, सांगू नकोस म्हणाला, बक्षीस जाईल त्याचं. मी उद्यापर्यंत थांबते, मग सांगणार आहे. पण मी सांगणं आणि तू सांगणं यात फरक आहे.

दारापर्यंत गेली, वळली. "आणि चिडलास की तू छान दिसतोस असं तुला वाटतं ना? तसं काही नाहीये."

दीड वर्षात ती माझ्या दिसण्याबद्दल पहिल्यांदाच बोलली.

२५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून तीनदा वाचलं. आता माझ्या हाताने इथे उतरवतो. सावकाश.

'सर, तुम्ही कागद काढून घेतलेत तेव्हा मला वाटलं, सगळ्यांसमोर मला लहान केलंत. आता वाटतं, मी तीन दिवस चौघांना ताटकळत उभं केलं, तेव्हा तेही लहान झाले होते, आणि त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या योद्ध्याचा अपमान निदान खरा होता. माझा मीच बनवला. मला तो भाग परत नको. तो ज्याच्याकडे आहे त्याने वाचावा, मी ऐकेन. मला फक्त वर्गात येऊ द्या. मागच्या बाकावर जागा असते. तिथूनही सगळं ऐकू येतं.'

एवढंच. पाय धरलेत असं मी समजत होतो. यात कुठे लोटांगण नाही.

शेवटची दोन वाक्यं माझी नाहीत, त्याची आहेत. त्याला स्वतःसाठी कधी मागता आलं नाही, ते माझ्या नावाने मागितलं.

उतरवायला पाऊण तास लागला. चार ठिकाणी खाडाखोड. खाली सही केली. आता हे पत्र माझं आहे.

मामाला सगळं सांगितलं. तो फर्मे मोजत होता, मोजणं थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाला, उद्या सकाळचं काम मी बघतो. मग म्हणाला, पण भाच्या, त्यांना पटणार कसं? आज मुद्दाम वाकडंतिकडं लिहून दाखवलंस म्हणतील. जुनं काही आहे का, तुझ्या हातचं?

मसुदे मी फाडून टाकायचो. एक उरलाय, तो त्या शेवटच्या परिच्छेदाशिवायचा. दीड पान. त्याला काय धरून बसणार.

जुनं, तारखांसकट, पानन् पान माझ्या हातचं — असं एकच आहे.

नाही. ते नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

साडेदहा.

सरांनी बोलावलेलं नाही. कुणीच बोलावलेलं नाही.

शाईपेन डबीसकट खिशात आहे. त्यावर नाव कुणाचं घालायचं ते समितीने ठरवावं. आणि ही वही बरोबर घेतोय. गेल्या वर्षीच्या जूनपासूनची आहे. टिपकागदाची पानं फाडावीत असं मनात आलं होतं. पण मामा म्हणतो, मधला फर्मा काढला की पुस्तक उभं राहत नाही. राहू देत.

सर, होयबा म्हणालो होतो ते तीन नोव्हेंबरच्या पानावर आहे. सोळा नोव्हेंबरचं पान आधी वाचा. अक्षर लागणार नाही, सावकाश वाचा.

निघतो. दार ओढून घेतो.